क्लाउड म्हणजे ढग

आमच्या ऑफिसात आग विझवत नाहीत. आग बघतही नाहीत. उपग्रहावरून वणवा कसा ओळखावा यावर जगभरच्या लोकांनी किती पेपर लिहिले, कोणत्या साली लिहिले आणि त्यांत कोणता शब्द किती वेळा आला, ते आम्ही मोजतो. याला 'संशोधनाचे कल' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे जंगल तिकडे लांब, जंगलाकडे बघणारा उपग्रह वर, उपग्रहाने पाठवलेलं बघणारे संशोधक खाली, आणि त्या संशोधकांच्या पाठीमागे उभे राहून त्यांची डोकी मोजणारे आम्ही. चौथा मजला, डावीकडचं दार.

दाराबाहेर छताला धुराचा अलार्म आहे. त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली आहे, कारण कॅन्टीनच्या टोस्टरमुळे तो वाजायचा आणि सरांच्या मीटिंगा मोडायच्या. वणव्यावर अहवाल लिहिणाऱ्या संस्थेत ही पिशवी सहा वर्षं लटकते आहे आणि आजवर कोणाला त्याचं हसू आलेलं नाही. मला येतं, पण मी दर वर्षी नोकरीची मुदत वाढवून घेणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे मी घरी जाऊन हसते.

सरांना आम्ही पाठीमागे 'बुडबुडे' म्हणतो. त्याचं कारण त्यांचा नकाशा. पेपर कोणी वाचायचे नसतात, तेवढा वेळ कोणाला आहे. पेपरांची नावं, सारांश आणि खाली दिलेले मुख्य शब्द तेवढे सॉफ्टवेअरमध्ये ओतायचे. जो शब्द जास्त वेळा आला त्याचा गोळा मोठा. जे शब्द एकत्र आले त्यांच्यामध्ये रेघ. जुने गोळे निळे, ताजे पिवळे. असे दीडशे गोळे पडद्यावर आले की सर खुर्ची मागे सरकवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "बघा, सगळं क्षेत्र एका नजरेत." सरांच्या नावावर एकाहत्तर पेपर आहेत, एकाहत्तरही दुसऱ्यांच्या पेपरांवर. जंगलात ते एकदाही गेलेले नाहीत. त्यांना धुराची ॲलर्जी आहे.

या वेळी सहा हजार चारशे बारा पेपर होते, पंचवीस वर्षांचे. माझं काम समानार्थी शब्दांची यादी करायचं. एकजण 'फॉरेस्ट फायर' लिहितो, दुसरा 'वाइल्डफायर', तिसरा अनेकवचन करतो, चौथा स्पेलिंग चुकवतो. ते सगळे एका ओळीत घालून सॉफ्टवेअरला सांगायचं की बाबा रे, हे एकच समज. अशा एकशे चाळीस ओळी झाल्या. हे एवढंच काम माणसाला करावं लागतं, कारण त्यात शब्दाचा अर्थ कळावा लागतो. सरांना यादी जेवणाच्या सुट्टीआधी हवी होती. मी ती एका सकाळीत उरकली. कोण वाचतंय, म्हटलं. सरळ पाट्या टाकल्या, यादीच्या खाली सही केली आणि डबा खायला गेले.

अहवाल वनखात्याने मागवला होता. खात्याला एकच गोष्ट ठरवायची होती. डोंगरधारेवरचे तीन टेहळणी मनोरे चालू ठेवायचे, की आता उपग्रह आहेत म्हणून बंद करायचे. त्यातल्या तीन नंबरच्या मनोऱ्यावर माझी ताई आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तेरा वर्षं ती त्या मनोऱ्यावर बसते. शहाण्णव पायऱ्या, वर चारी बाजूंनी काचेची खोली, मधोमध अंशांच्या खुणा असलेली गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी पट्टी. धूर दिसला की पट्टी त्याच्यावर धरायची, अंश वाचायचे, अंतराचा अंदाज करायचा आणि वायरलेसवर सांगायचं. खाली दोन खोल्यांत राहणं. ती लग्नकार्यालाही दुपारी जेवून परत जाते, कारण वारा सुटला की तिचं चित्त थाऱ्यावर नसतं. आणि सगळ्यांना सांगते, "आमची धाकटी उपग्रहात असते." मी हजार वेळा सांगितलं की ताई, मी उपग्रहात नसते, चौथ्या मजल्यावर असते. ती म्हणते, "तेच ते. वर."

अहवालाचं सादरीकरण झालं त्या दिवशी वनखात्याच्या बाई आल्या होत्या. जाड तळाचे बूट, बुटांना वाळलेली माती. आमच्या गालिच्यावर त्या बुटांनी चालताना बघून सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांनी लगेच आवरलं. मी मागच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसले होते. सरांनी गोळे दाखवायला सुरुवात केली. बाईंनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "ढगांचं काय?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे बऱ्याचशा आगी कोरड्या विजांनी लागतात. ढग येतात, पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही, वीज मात्र पोचते. तेव्हा वर सगळं झाकलेलं असतं. ढगाखालची आग उपग्रहाला दिसत नाही, असं आमचे मनोऱ्यावरचे लोक सांगतात."

त्या पूर्ण सभागृहात विचारला गेलेला हा एकमेव अकलेचा प्रश्न. मला वाटलं, आता बुडबुडे फुटणार. पण सरांनी लाल किरणाची काडी उचलली आणि नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या पिवळ्या गोळ्यावर नाचवली.

"हा बघा, ढग. दहा वर्षांपूर्वी हा गोळा वाटाण्याएवढा होता. गेल्या सात वर्षांत अकरा पट वाढला. या क्षेत्रात सध्या सगळ्यात जास्त काम कशावर होत असेल तर ते ढगांवर. बाई, ढग हा आता सुटत आलेला प्रश्न आहे."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी मात्र मनात सरांना कोपरापासून हात जोडले. एखाद्या गोष्टीवर खूप जणांनी लिहिलं म्हणजे ती सुटली, हे तारे तोडायला एकाहत्तर पेपर लिहावे लागतात. मग सहज मी त्या गोळ्यापासून निघणाऱ्या रेघा बघायला लागले. ढग आणि स्टोरेज. ढग आणि प्रोसेसिंग. ढग आणि प्लॅटफॉर्म. मला खुदकन हसू आलं. ढगात काय स्टोरेज करतात, पाणी? कोणत्या गाढवाने हे केलं म्हणून मी समोरच्या लॅपटॉपवर यादी उघडली.

ओळ एकशे सत्तावीस. क्लाउड, क्लाउड्स, क्लाउड कव्हर, क्लाउड मास्क, क्लाउड प्लॅटफॉर्म, क्लाउड कम्प्युटिंग. सगळे एक समजावेत. खाली माझी सही.

पहिले चार आकाशातले, शेवटचे दोन कॉम्प्युटरातले. गोळा वाढला होता तो ढगांमुळे नव्हताच. सात वर्षांत लोकांनी आपली चित्रं स्वतःच्या मशीनवर तपासायचं सोडून कुठल्यातरी कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरांवर तपासायला सुरुवात केली, त्यालाही क्लाउड म्हणतात, एवढंच. त्यात आकाशातला एक ढग हलला नव्हता. आणि गंमत बघा, आपल्या भाषेत हा घोळ होऊच शकला नसता. आपण आकाशातल्याला ढग म्हणतो आणि दुसऱ्याला क्लाउडच म्हणतो, शेंबडं पोरही गल्लत करणार नाही. पण यादी केली पेपरांच्या भाषेत, आणि खात्यासाठी अहवाल आपल्या भाषेत करताना सरांनी सगळ्या क्लाउडचे ढग करून टाकले. मूळ माती मी खाल्ली, त्यांनी तिच्यावर पाणी घातलं.

तेव्हाच उभं राहून बोलायला हवं होतं. वाक्य केवढंसं, की बाई, ती ओळ चुकलीय. मी लॅपटॉप मिटला आणि बसून राहिले.

बाई गेल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. त्यांनी स्वतः ओळ उघडून बघितली, दोन्ही शब्द वेगळे करून सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. पिवळा गोळा फुटून दोन झाले. कम्प्युटरवाला मोठा राहिला. आकाशातला ढग लहान, निळा, दहा वर्षांपूर्वी होता तसाच कोपऱ्यात जाऊन बसला.

"हं," सर म्हणाले. "इंटरेस्टिंग."

"सर, त्यावरून मनोरे बंद होणार आहेत."

"मॅडम, आपण कल सांगतो. निर्णय खातं घेतं."

"कल चुकलाय ना पण."

"अहवाल छापून गेलाय. पुढच्या पेपरात आपण यावर एक परिच्छेद घालू, शब्दांच्या संदिग्धतेवर. छान होईल तो." मग चष्मा डोळ्यांवर घेऊन ते शांतपणे म्हणाले, "आणि यादी तुमची आहे. सही तुमची आहे. मुदतवाढीचे कागद पुढच्याच महिन्यात जातात ना तुमचे?"

मी बाहेर आले. पिशवी बांधलेल्या अलार्मखाली उभी राहिले आणि त्या माणसाला मनातल्या मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या. भित्रा, ढोंगी, बुडबुडे. आणि मग जागेवर जाऊन मूग गिळून बसले, अगदी त्याच्यासारखीच.

मनाची समजूत घालायला मला कारण सापडलं होतं. खात्याने मनोरे बंद करण्याचा आदेश काढला तेव्हा हरकतीला पंधरा दिवस ठेवले होते. मनोऱ्यावरच्या माणसांपैकी एकानेही लेखी हरकत घेतली तरी पुन्हा तपासणी करावी लागणार होती. आणि ताई हरकत घेणार नाही हे शक्यच नव्हतं. ताई म्हणजे, डब्याचं झाकण सैल लागलं तर दुकानदाराशी तासभर भांडणारी बाई. ती एकटीच सगळ्या खात्याला सळो की पळो करेल, मग मी कशाला मध्ये पडू. असं म्हणत मी तेरा दिवस काढले. तेराव्या दिवशी रविवार होता, मी तिच्याकडे गेले.

वर पोचले तर ताई दुर्बीण फडक्यात गुंडाळत होती. कोपऱ्यात दोन खोकी भरून तयार.

"हे काय?"

"आवरतेय. पहिल्या तारखेपासून मला लाकडाच्या डेपोवर फाटकात बसवणारेत. गाड्यांचे नंबर लिहायचे." तिने माझ्याकडे न बघता दोरीची गाठ मारली. "बस ना शहाणे, दमली असशील. पायऱ्यांची सवय नाही तुम्हा लोकांना."

"हरकत दिलीस ना?"

"नाही दिली."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. "ताई, अगं परवा शेवटचा दिवस आहे."

"माहितेय. एक नंबरवाले काका आणि दोन नंबरची ती नवी मुलगी, दोघं कागद लिहून घेऊन आले होते. माझी सही मागायला. मीच त्यांना परत पाठवलं." ती खोक्यावर बसली. "काका म्हणाले, हे ऑफिसातले लोक काहीही लिहितात. मी म्हटलं, काका, तोंड सांभाळा. अहवालाच्या शेवटच्या पानावर, शब्दांच्या यादीखाली माझ्या बहिणीचं नाव आहे. तिची शाळेची वह्या-पुस्तकं मी कव्हरं घालून दिलीत, मला माहितेय ती कशी आहे. ढगांतून दिसतं असं तिने लिहिलंय, तर दिसत असणार. आपल्या नोकऱ्या जातात म्हणून आपण खोटी हरकत घ्यायची का? लाजले बिचारे. कागद फाडून टाकला."

रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसांनी आपला कागद फाडला होता, आणि तो माझ्या नावावर.

"वाईट वाटतं गं," ताई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. रडलेसुद्धा मी दोन दिवस. पण मी विचार करते की मी ढगाचं पोट बघते, तुम्ही पाठ बघता. आता तुम्हाला पाठीतून पोट दिसायला लागलं, तर चांगलंच आहे ना. माझा डोळा चुकू शकतो."

दुपारी पश्चिमेकडून ढग आले. आधी पांढरे, मग खालून काळे. काचा थरथरायला लागल्या. ताईने फडकं सोडून दुर्बीण पुन्हा बाहेर काढली आणि मला म्हणाली, "खुर्चीला हात लावू नकोस, मध्ये उभी राहू नकोस." तिचा आवाजच बदलला होता. दोनदा वीज पडली, एकदा लांब, एकदा समोरच्या डोंगराच्या सोंडेवर. पाऊस ढगातून निघालेला दिसत होता आणि अर्ध्या वाटेतच विरत होता. ती तबकडीभोवती सावकाश फिरत राहिली. वीस मिनिटं झाली असतील. मला तर सगळं सारखंच दिसत होतं.

"ते बघ," ती म्हणाली.

मला काही दिसलं नाही. तिने माझं डोकं धरून वळवलं तेव्हा दिसलं. दरीच्या पलीकडे, झाडांच्या वर, उसवलेल्या दोऱ्याएवढा धूर.

तिने पट्टी धरली, वाचलं आणि वायरलेस उचलला. "तीन नंबर. दोनशे चौदा अंश, साडेसहा किलोमीटर, धूर पांढरा, बारीक, सरळ वर. वारा नाही. लवकर निघालात तर हातानेच विझेल." पलीकडून कोणीतरी "निघालो" म्हणालं. तिने भिंतीवरचं घड्याळ बघून रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. "दाखव ना तुझं. मोबाइलवर येतं म्हणालीस ना? तुमच्या उपग्रहाने पण पकडला असेल आता. बघू दे मला कसा दिसतो वरून."

मी मोबाइल काढला. दुसरं करणार काय. नकाशावर आमची डोंगरधार उघडली. उपग्रह दहा मिनिटांपूर्वीच वरून गेला होता, वेळ लिहिलेली होती. सगळं पांढरं. ताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने बोट लावून पडदा इकडेतिकडे सरकवला. पांढरंच.

"लोड व्हायचंय का अजून?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"ढग आहेत, ताई. ढगांतून दिसत नाही."

"अगं पण तुम्ही लिहिलंय ना."

मग मी तिला सगळं सांगितलं. एकशे सत्ताविसावी ओळ, दोन क्लाउड, पिवळा गोळा, सरांची खोली. जेवणाच्या सुट्टीआधी उरकलेली यादी सांगितली, कोण वाचतंय असं म्हटलं होतं तेही सांगितलं. सरांना दोष देऊन सुरुवात केली होती, पण ती काही विचारत नव्हती, नुसती ऐकत होती, त्यामुळे सरांबद्दलचं बोलणं आपोआप संपलं आणि उरलं ते माझंच.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुकानदाराशी भांडते तशी भांडली असती तर मी उलट चार शब्द बोलले असते. तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. सर लाल काडी नाचवतात तेव्हा मागच्या रांगेतून मी त्यांच्याकडे तशीच बघते.

"तेरा दिवस गप्प होतीस," ती म्हणाली.

"मला वाटलं तू हरकत घेशील."

"मला वाटलं तू वाचून लिहितेस."

वायरलेस बोलला. माणसं पोचली होती, एक वठलेलं झाड पेटलं होतं, फांद्या तोडून आणि माती टाकून विझवत होते, आग पसरली नव्हती. ताईने "ठीक" म्हणून वेळ लिहून घेतली. मग रजिस्टरचं ते पान माझ्याकडे फिरवलं. ओळीत तारीख, वेळ, अंश, अंतर. शेवटचे दोन रकाने रिकामे होते. एकावर 'शेरा', एकावर 'साक्षीदार'. तेरा वर्षांत साक्षीदाराचा रकाना कधी भरला गेला नसावा, तिथे दुसरं कोणी असतच नाही.

"लिही," ती म्हणाली. "त्या वेळेला तुझ्या उपग्रहाला काय दिसलं ते लिही. मग तुमच्या अहवालात काय चुकलंय ते लिही, ओळीच्या नंबरासकट. जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला. उद्या सकाळी मी स्वतः खात्यात नेऊन देणार आहे. काकांना आणि त्या मुलीला बरोबर घेऊन. माफी पण मागायचीय मला त्यांची."

"ताई, माझी मुदतवाढ..."

"डेपोच्या फाटकात दोन खुर्च्या असतात," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं.

मी लिहिलं. 'उपग्रहास आग दिसली नाही. ढग होते.' पुढे क्लाउड या शब्दाचे दोन्ही अर्थ, ओळीचा नंबर, यादी कोणी केली, सरांना केव्हा सांगितलं आणि ते काय म्हणाले. मागची बाजूही भरली. साक्षीदाराच्या रकान्यात पूर्ण नाव, हुद्दा, संस्था, आणि खाली सही.

ताईने रजिस्टर ओढून घेतलं. शाळेत माझा गृहपाठ तपासायची तसं बोट फिरवत एकेक ओळ वाचली, पान उलटून मागचंही वाचलं. शेवटी सहीवर बोट थांबलं.

"वाचून केलीस ना?" तिने विचारलं.